पोरखेळ नव्हे, थोरखेळ!

— बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी

मराठी भाषेत 'पोरखेळ' हा शब्द आपण निंदेसाठी वापरतो. एखाद्या कामाचा विचका झाला की त्याचा 'खेळखंडोबा' झाला म्हणतो. मोठा माणूस खेळताना दिसला की 'रिकामटेकडा' ही पदवी त्याला ताबडतोब बहाल केली जाते. यावरून एखाद्या परक्याला वाटेल की मराठी माणसाचे आणि खेळाचे हाडवैर असावे.

परंतु तीच भाषा जरा खोलात जाऊन तपासली तर काय दिसते? एखाद्याने 'डाव साधला', एखाद्यावर 'डाव उलटला', कोणाच्या हातात 'हुकमी एक्का' आहे, कोणाला 'भिडू' मिळाला नाही, कोणाच्या बाजूने 'दान पडले', असे आपण उठताबसता बोलतो. चोराने 'पोबारा केला' असे वर्तमानपत्रात वाचतो. हा पोबारा म्हणजे मुळात 'पौ बारा' हे फाशांचे दान! ही शब्दसंपत्ती लहान पोरांनी निर्माण केलेली नाही. सारीपाटावर आणि पत्त्यांच्या डावावर मांडी घालून बसलेल्या थोरामोठ्यांनी ती भाषेला दिली आहे. म्हणजे आपले वाडवडील खेळत होते, आणि मन लावून खेळत होते. मग मोठ्या माणसाने खेळणे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट केव्हापासून झाली?

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चार मोठ्या माणसांनी घरात एकत्र बसून खेळणे ही माणसाची एक साधी गरज आहे. आपल्या खेड्यांत पुरुषांच्या बाबतीत ही गरज पैशाने नासवली आणि बायकांच्या बाबतीत लग्नाने संपवली. हे दोन्ही थांबले पाहिजे.

मैदानी खेळांना आपल्याकडे मान आहे. आपल्या शेजारच्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु बैठ्या खेळांच्या वाट्याला असा मान आला नाही. वास्तविक त्यांचा इतिहास काही कमी नाही. सारीपाटाच्या चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत २४ घरे, एकूण ९६ घरे आणि चार रंगांच्या १६ सोंगट्या. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची १२ पाने, अशी १२० गोल पाने असतात. सावंतवाडीला ती आजही हाताने रंगवली जातात. आपली पचिशी साहेबाने विलायतेला नेली, १८९६ साली तिचे 'लुडो' या नावाने पेटंट घेतले आणि आपल्यालाच ती खोक्यात घालून परत विकली. २०२० च्या टाळेबंदीत तोच लुडो मोबाईलवर खेळताना आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते की हा आपल्याच पणजोबांचा खेळ आहे?

राजवाड्यातले आणि चौसोपी वाड्यातले खेळ बाजूला ठेवू. आमच्यासारख्या मातीच्या घरातही एक सारीपाट होता. त्याला कोणी चौव्वा-अष्टा म्हणते, कोणी अष्टा-चंगा, कोणी चल्लस-आठ. त्याला दुकानातून काहीही आणावे लागत नाही. जमिनीवर खडूने किंवा कोळशाने पाच बाय पाच अशी २५ घरे आखायची. मधल्या घरावर आणि चारही बाजूंच्या मधोमध असलेल्या घरांवर फुल्या मारायच्या. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांचे अर्ध करायचे, म्हणजे एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी होते. सोंगट्यांच्या जागी बांगड्यांचे तुकडे, तुरीचे दाणे, खडे, काहीही चालते. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चौव्वा, चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, आणि या दोन्ही दानांना पुन्हा एकदा टाकायला मिळते. बाहेरची १६ घरे फिरून यायची. दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या ८ घरांत शिरता येत नाही. आत शिरले की दिशा उलटी होते, आणि शेवटी मधल्या घरात पोचायचे. फुलीवर बसलेल्याला कोणी मारत नाही.

ऐकायला सोपे वाटते, परंतु खेळताना कस लागतो. दान नशिबाचे असते, पण त्या दानावर कोणती सोंगटी हलवायची हे बुद्धीचे काम आहे. पुढे पळायचे की मागून येणाऱ्याची वाट पाहत फुलीवर दबा धरून बसायचे? दोन सोंगट्या धोक्यात असल्या तर कोणती वाचवायची? शेतकऱ्याचे जिणे याहून निराळे ते काय असते? पाऊस आपल्या हातात नसतो. पेरणी केव्हा करायची एवढेच काय ते आपल्या हातात असते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी माय शाळेत गेली नाही. कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, निंदण यांतच तिचे दिवस गेले. मागच्या श्रावणात तीन दिवस झड लागली होती. कोणाच्याच वावरात पाय ठेवता येत नव्हता. वीजही गेलेली. मी ओसरीवर घरे आखली आणि मायला, काकूला व शेजारच्या एका वहिनीला बसवले. तीन डाव झाले आणि तिन्ही मायने जिंकले. आठ घरे पुढे काय आहे, हे मला बोटाने मोजावे लागत होते. तिला ते नुसते दिसत होते. "पोरी, तुह्यं पुस्तक काय म्हन्ते यावर?" असे म्हणून ती हसली. इतकी मोकळी हसलेली माय मी फार दिवसांनी पाहिली. तेवढ्यात दारावरून जाणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, "काय वं माय, पोरीसंगं पोर झालीस? हे काय वय हाये खेळाचं?" मायने चिंचोके गोळा केले, पदर सारखा केला आणि चुलीकडे निघून गेली. चौथा डाव झाला नाही.

मी त्या म्हातारीला दोष देत नाही. तिलाही कोणीतरी असेच उठवले असणार. पण तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. खेळाचे वय म्हणजे नेमके कोणते? आणि ते कोण ठरवते?

आपल्या भागात भुलाबाईचा खेळ आहे. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा म्हणतात, तशी विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. झाकलेला डबा हलवून आवाजावरून आत काय आहे ते सांगायचे. डब्याचा आवाज होऊ नये म्हणून घरची बाई काय काय युक्त्या करते आणि मुली तिच्यावर कशी मात करतात, हे ज्यांनी अनुभवले त्यांना त्यातली गंमत सांगायला नको. त्या गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, सासू आहे, नणंद आहे. म्हणजे खेळ कुमारिकांचा आणि गाणी सगळी लग्नानंतरच्या आयुष्याची! आणि गंमत (की दुःख?) अशी की ज्या दिवशी ते आयुष्य खरोखर सुरू होते, त्या दिवशी खेळ बंद होतो. लग्न झालेली मुलगी भुलाबाईला फार तर खाऊ करून देते, खेळायला क्वचितच उतरते. काही घरांत श्रावणातल्या मंगळागौरीला नव्या सुना रात्र जागवून झिम्मा, फुगड्या, पिंगा खेळतात. परंतु ती परवानगीही लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांपुरती. पुढे काय? माझी माय माझ्या वयाची होती तेव्हा तिच्या कडेवर मूल होते. एकोणिसाव्या वर्षी मी वार्षिकांकात लेख लिहिते आहे आणि तिचे खेळाचे वय मात्र संपले होते. या जिल्ह्याला आपण अभिमानाने 'मातृतीर्थ' म्हणतो. सिंदखेड राजाला जिजाऊंपुढे माथा टेकवतो. मग त्या तीर्थातल्या मातेला पावसाळ्यातली एक दुपार खेळायला देताना आपला हात का आखडावा?

आता पुरुषांकडे वळू. त्यांच्या खेळाला वयाची अट नाही. पारावर, सलूनमध्ये, देवळाच्या ओट्यावर मेंढीकोटाचा डाव बिनदिक्कत चालतो. मेंढीकोट हा मला फार सुंदर खेळ वाटतो. चार जण, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. हातांची नुसती संख्या वाढवून भागत नाही. चार दश्श्या, म्हणजे चार मेंढ्या, कोणाकडे जातात यावर सारे अवलंबून असते, आणि चारही एकाच जोडीने घेतल्या की समोरच्यांवर कोट चढतो. भिडूला तोंडाने काही सांगायचे नाही. त्याने टाकलेल्या पानावरून त्याचे मन ओळखायचे. एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकवणारा असा खेळ शोधून सापडणार नाही. अर्थात कोणत्या पारावर कोणी बसायचे हे अजूनही काही गावांत ठरलेले असते, हेही विसरता येत नाही.

परंतु याच पत्त्यांत पैसा शिरला की खेळाचा जुगार होतो. आखाजीला आणि पोळ्याला 'सणाचे' म्हणून बसलेले डाव कोणाच्या बैलजोडीपर्यंत पोचतात, हे आपण ऐकून आहोत. ही कीड आजची नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त हे हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि त्यात त्याला उपदेश केला आहे तो फासे सोडून शेती करण्याचा! महाभारताचे तर सांगायलाच नको. मराठीच्या अभ्यासक्रमात आपण 'लीळाचरित्र' वाचतो. त्यात श्रीचक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्यातील प्रसंग आहे. द्यूतात हरलेले हरिपाळदेव देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात आणि ती ते देत नाही. या प्रसंगातून हरिपाळदेवांच्या मनात वैराग्य उपजले, हे आपल्याला वर्गात शिकवले जाते. मला मात्र वाचताना कमळाइसेचे कौतुक वाटले. तेराव्या शतकातल्या एका बाईने दागिने द्यायला नकार दिला, ही काय लहान गोष्ट आहे? आज किती जणींना असे 'नाही' म्हणता येते?

कायद्यानेही खेळ आणि जुगार यांत फरक केला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पुढे मोबाईल आला आणि पारावरचा डाव खिशात गेला. पारावर निदान चार माणसे पाहत होती, बायको शोधत येऊ शकत होती. मोबाईलच्या डावात समोर कोण बसले आहे हेच कळत नाही, आणि हरलेला माणूस अंधारात एकटाच असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो याच कारणाने. तो योग्यच झाला असे माझे मत आहे. परंतु नुसत्या बंदीने माणसाची रिकामी संध्याकाळ भरत नाही. वाईट डाव उठवायचा असेल तर त्या जागी चांगला डाव मांडावा लागतो.

मोठ्या माणसांना खेळायचे असते, याचा पुरावा हवा असेल तर दूरदर्शन संचाकडे पाहा. झी मराठीवर २००४ साली 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम सुरू झाला आणि जवळजवळ दोन दशके चालला. घरातली सून, सासू, शेजारीण साधे खेळ खेळतात आणि जिंकणारीला पैठणी मिळते. एवढ्या साध्या गोष्टीवर सारा महाराष्ट्र लुब्ध झाला. त्याच धर्तीवर गावोगाव 'खेळ पैठणीचा' होऊ लागले. संगीत खुर्ची, फुगे फोडणे, उखाणे अशा खेळांसाठी रात्री अकरापर्यंत बायका बसून राहतात. सुशिक्षित मंडळी याला नावे ठेवतात. त्यात पुढाऱ्यांचे फलक असतात, गोंगाट असतो, हे खरे आहे. परंतु ज्या सासूबाई एरवी सुनेला खिडकीत उभे राहू देत नाहीत, त्या स्वतः खुर्ची पकडायला धावतात, यात मला माणसाचा विजय दिसतो. माझी तक्रार वेगळीच आहे. तिथे खेळणाऱ्या दहा आणि पाहणाऱ्या पाचशे. कधी खेळायचे हे माईकवाला ठरवतो, आणि पैठणी संपली की खेळ संपतो. बाईचा खेळ तिच्या स्वतःच्या मालकीचा होत नाही.

यावर आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की, ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे त्यांना खेळाचे चोचले कशाला? २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात पत्ते आणि कवड्या यांच्या गोष्टी करणे काहींना क्रूरपणाचे वाटेल. खेळाने कर्ज फिटत नाही आणि सोयाबीनला भाव मिळत नाही, हे मला कळते. भावासाठी भांडलेच पाहिजे. परंतु रोज संध्याकाळी चौघांत बसणारा माणूस चार दिवस आला नाही तर त्याचे भिडू त्याच्या दारी जाऊन विचारतात, "काहून येऊन नाही राह्यला?" हा प्रश्न विचारणारे कोणी असणे, ही खेड्यातल्या माणसाची मोठी गरज आहे. घामाने निथळलेल्या माणसाचा विसाव्यावर हक्क असतो, तसा हसण्यावरही असतो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली एक ग्रंथ लिहून असे मांडले की खेळ हा संस्कृतीहूनही जुना आहे. तो श्रीमंतांनी शोधून काढलेला नाही, गरिबाच्या घरीही तो आधीपासून आहे.

दुसरा आक्षेप असा की खेळाची सवय लावली की पुढे जुगार आलाच. मला उलट वाटते. ज्याला बिनपैशाच्या डावाची गोडी लागली त्याला पैशाचा डाव कडू लागतो. मेंढीकोटात कोट चढल्याची चेष्टा आठवडाभर पुरते, तिथे रुपया लावण्याची गरजच काय?

तिसरा आक्षेप बायकांना वेळ कुठे आहे, हा. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर बायकांनी नव्हे, घराने द्यायचे आहे. पुरुषाच्या हातात पत्ते असतात तेव्हा चुलीवर कोणीतरी असते. त्या 'कोणीतरी'च्या हातात कवड्या येतील तेव्हा चुलीजवळ कोण बसेल, एवढाच काय तो प्रश्न आहे.

नुसती टीका करून थांबणे विद्यार्थ्याला शोभत नाही, म्हणून काही सूचना करते. गावोगाव महिला बचत गट आहेत. त्यांच्या बैठकीत हिशोब झाला की अर्धा तास एक डाव व्हावा. खर्च खडूच्या एका तुकड्याचा. समाजमंदिरे वर्षातले कितीतरी दिवस कुलूप लावून पडलेली असतात. झडीच्या दिवसांत आणि उन्हाळ्याच्या दुपारी ती उघडावीत, एका कोपऱ्यात कॅरम, एका कोपऱ्यात बुद्धिबळ ठेवावे आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे, 'येथे पैसे लावण्यास सक्त मनाई आहे.' बुद्धिबळ शहरातल्यांचे, असे कोणी म्हणू नये. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांची विश्वचषक स्पर्धा जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती माझ्याच वयाची, १९ वर्षांची होती.

आणि शेवटची सूचना आपल्या महाविद्यालयाला. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. दरवर्षी आपण सात दिवसांच्या शिबिराला जातो, गटारे उपसतो, प्रबोधनपर गीते म्हणतो. या वर्षी शिबिरात एक काम वाढवावे. रोज संध्याकाळी मुलींनी गावातल्या आयाबायांना आणि मुलांनी बापलोकांना घेऊन बसावे, त्यांचे खेळ त्यांच्याकडून शिकावेत आणि नियमांसह वहीत उतरवून घ्यावेत. प्रत्येक गावाचे नियम थोडे निराळे असतात, आणि ते ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. आपण त्यांना शिकवायला जातो, तसे एकदा त्यांच्याकडून हरायलाही जावे. पुढच्या वार्षिकांकात त्या वहीतली पाने छापून यावीत, अशी माझी संपादक मंडळाला नम्र विनंती आहे.

मी मात्र शिबिराची वाट पाहणार नाही. येत्या श्रावणात झड लागली की आमच्या ओसरीवर चौथा डाव मांडला जाईल. दारावरून जाणाऱ्या त्या म्हातारीलाही मी हाताला धरून आत बोलावणार आहे. चार सोंगट्या तिच्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.